खटले जिंकले, मग चागोसचे लोक घरी का गेले नाहीत?

प्रश्न पुण्याहून आला आहे, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि याच विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा. थोडक्यात असा: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या बाबतीत मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, २०२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसशी करारही केला, मग दिएगो गार्सिया या त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटावरून आणि आसपासच्या बेटांवरून हुसकावलेले लोक अजून परत का गेले नाहीत? आता जातील का? आणि त्यांना ‘मूलनिवासी’ म्हणता येतं का? या विद्यार्थ्याच्या प्राध्यापकांच्या मते येत नाही.

प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. बेटांवर सत्ता कोणाची, हा एक. तिथे जन्मलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तिथे जाऊन राहता येईल का, हा दुसरा. पहिला प्रश्न दोन सरकारांमधला आहे. दुसरा माणसांचा आहे, आणि तो आजवर बहुतेक वेळा कुठल्या तरी सरकारच्या तोंडूनच विचारला गेला. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

मी इंग्लंडमध्ये नागरिकत्व आणि इमिग्रेशनच्या अर्जांचं काम करते. ब्रिटनमधली चागोसी लोकांची सगळ्यात मोठी वस्ती गॅटविक विमानतळाला लागून असलेल्या क्रॉली गावात आहे, त्यामुळे ही कुटुंबं माझ्याकडे येत असतात. म्हणजे मी हा विषय मोठ्या निकालांच्या बाजूने कमी आणि जन्मदाखल्यांच्या बाजूने जास्त पाहिलाय. माझ्या उत्तराचा कल तिकडे असणार, हे आधीच सांगते.

आधी पाया. साठच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेला हिंदी महासागराच्या मध्यावर लष्करी तळ हवा होता, आणि तळाभोवती माणसं नको होती. मॉरिशस तेव्हा ब्रिटिश वसाहत, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या वाटाघाटींत मॉरिशसच्या नेत्यांकडून चागोस तोडून द्यायला होकार मिळवला गेला. मोबदला ३० लाख पौंड. ८ नोव्हेंबरला ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ नावाची नवी वसाहत कागदावर जन्माला आली. १९६६ च्या डिसेंबरात अमेरिकेशी करार झाला, ५० वर्षांचा, पुढे २० वर्षं वाढवण्याची सोय ठेवून. भाडं नव्हतं, पण पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट गुपचूप मिळाली.

आता खरी मेख. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ७३ सांगतं की ज्या वसाहतीत लोक राहतात, त्यांच्या हिताची जबाबदारी राज्यकर्त्यावर आहे आणि त्याने त्याचा अहवाल द्यायचा आहे. चागोसवर कायमचे रहिवासी आहेत असं कबूल केलं असतं तर अहवाल आले असते, त्यांच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न आला असता, न्यूयॉर्कला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांना, उत्तरं द्यावी लागली असती. मग सोपा मार्ग निघाला: तिथे कायमचं कोणी राहतच नाही, हे सगळे नारळाच्या मळ्यांवर कंत्राटाने आलेले मजूर आहेत, अशी भूमिका घ्यायची. खुद्द ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अंतर्गत टिपणांत मात्र स्पष्ट नोंद आहे की यातल्या काहींचे आईबापही तिथेच जन्मले होते. ही टिपणं नंतर खटल्यांत बाहेर आली. म्हणजे अज्ञानातून झालेला हा गोंधळ नव्हता. माणसं हलवण्याआधी त्यांना कागदावरून हलवलं गेलं.

बेटं रिकामी केली तीसुद्धा एका दिवसात, बंदूक रोखून नाही. पेरोस बान्होस बेटावरच्या रीता बांकूल आजारी मुलीला घेऊन मॉरिशसला गेल्या. मुलगी वाचली नाही. परतीच्या बोटीची चौकशी करायला गेल्या तेव्हा उत्तर मिळालं की तुमचं बेट विकलं गेलंय, आता जाता येणार नाही. १९६८ च्या सुमाराला असे किती तरी लोक बंदरावरच अडकले. मागे उरलेल्यांकडे येणारी रसद आटत गेली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामं केलं आणि परवान्याशिवाय बेटावर येणं वा राहणं गुन्हा ठरवणारा अध्यादेश निघाला. बेटावरची पाळीव कुत्री खोबरं वाळवायच्या खोलीत कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. जे अजून निघायचे होते, त्यांना आपलं काय होणार हे सांगायची वेगळी गरज उरली नाही.

१९७३ पर्यंत पेरोस बान्होस आणि सालोमन ही बेटंही ओस पडली. त्या शेवटच्या फेरीत ‘नॉर्डवेर’ नावाच्या बोटीवर लिझबी एलिझे होत्या, विशीतल्या, पोटुशा. २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयात त्यांची चित्रफीत दाखवली गेली. लिहितावाचता येत नसल्यामुळे त्या आपल्या क्रिओल भाषेत बोलल्या: थोडे कपडे सोडून बाकी सगळं मागे टाकावं लागलं, बोटीत माणसं गुरांसारखी, गुलामांसारखी होती, आणि मॉरिशसला पोचल्यावर मूल जन्मलं आणि गेलं. त्या खटल्याची पानंच्या पानं तुम्ही वाचाल, पण ही चार मिनिटं आधी बघा.

एकूण दीड ते दोन हजार माणसं. बरीचशी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या रोश ब्वा आणि कासी या गरीब वस्त्यांत येऊन पडली. नारळ सोलणं, मासेमारी, खोबरं काढणं ही त्यांची कौशल्यं शहरात कवडीमोल. ब्रिटनने मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले, ते लोकांच्या हातात पडायला १९७८ उजाडलं. पुढे बायकांनी उपोषणं केली, मोर्चे काढले. शार्लेझिया अलेक्सी आणि लिझेट तालात ही त्यातली ठळक नावं. मग १९८२ मध्ये आणखी ४० लाख पौंडांची तडजोड झाली. हे पैसे घेताना लोकांकडून एका कागदावर अंगठे घेतले गेले. कागद इंग्रजी कायदेशीर भाषेतला, अंगठा देणाऱ्याला येते फक्त क्रिओल. परत जाण्याचा आणि आणखी भरपाईचा दावा मी सोडतो, असा त्याचा आशय.

या अंगठ्याने किती नुकसान केलं ते पाहा. २००३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात भरपाईचा दावा फेटाळला गेला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये अर्ज दाखलच करून घेतला नाही. कारण हेच, की १९८२ ची तडजोड स्वीकारली तिथे विषय मिटला. माझ्याकडे कोणी न समजलेल्या कागदावर सही करून आलं की मला हे प्रकरण आठवतं. अशी सही रद्द करून घेता येते, असं पाठ्यपुस्तकात असतं. प्रत्यक्षात तीस वर्षांनंतर ‘मला कळलं नव्हतं’ हे सिद्ध करणं महाकठीण, कारण समजावून सांगणारा आणि ऐकणारा दोघेही बहुधा हयात नसतात.

आता तुम्ही ज्याला ‘जिंकलेले खटले’ म्हणता त्यांच्याकडे येऊ. रीताबाईंचा मुलगा ऑलिव्हिए बांकूल याने लंडनमध्ये दावा लावला. ३ नोव्हेंबर २००० ला न्यायालयाने १९७१ चा अध्यादेश बेकायदा ठरवला. तर्क सुंदर होता: वसाहतीच्या शांतता, सुव्यवस्था आणि सुशासनासाठी कायदे करण्याचा अधिकार आहे, ठीक, पण तिथल्या लोकांनाच तिथून काढून टाकणं म्हणजे त्यांचं सुशासन कसं? परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी निकाल मानला. दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर जायची बंदी उठली. गेलं कोण? कोणीच नाही. बोट नव्हती, धक्का नव्हता, विहिरी बुजलेल्या, घरांवर जंगल. हक्क मिळाला आणि तिकीट मिळालं नाही.

आणि हा हक्कही चार वर्षंच टिकला. जून २००४ मध्ये संसदेला वळसा घालून, राणीच्या विशेषाधिकारातल्या आदेशाने तो काढून घेतला गेला. खालच्या दोन न्यायालयांत बांकूल पुन्हा जिंकले, पण ऑक्टोबर २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सरकारचा आदेश टिकवला. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड बिंगहॅम यांचं विरोधी अल्पमत जरूर वाचा. प्रबंधात बहुमतापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल. त्यानंतर १ एप्रिल २०१० ला ब्रिटनने या समुद्रात प्रचंड मोठं संरक्षित सागरी क्षेत्र जाहीर केलं. प्रवाळ वाचवायचे म्हणून मासेमारी बंद. आणि तिथे परतून जगायचं तर मासेमारीशिवाय दुसरं काय? हा मूळ रहिवाशांचा दावा अडवण्याचा सोयीचा मार्ग आहे, असा संवाद विकिलीक्सने बाहेर काढलेल्या अमेरिकी तारेत सापडला. २०१५ मध्ये सागरी कायद्याच्या लवादाने हे क्षेत्र नियमबाह्य पद्धतीने केल्याचं सांगितलं, पण कारण दिलं ते मॉरिशसच्या हक्कांना बाधा येण्याचं.

इथून पुढे सगळे मोठे विजय मॉरिशसचे आहेत, ही गोष्ट मनात ठेवून २०१९ चं मत वाचा. २५ फेब्रुवारीला न्यायालयाने तेरा विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालं नव्हतं आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. हे सल्लागार मत, बंधनकारक निकाल नव्हे. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला पाठिंबा दिला. भारताचं मत मॉरिशसच्या बाजूने पडलं. पण लोकांच्या परतीबद्दल न्यायालय काय म्हणालं? प्रश्न विचारला होता तोच असा, की मॉरिशसला आपल्या नागरिकांचं तिथे पुनर्वसन करता येत नाही त्याचं काय. उत्तर परिच्छेद १८१ मध्ये आहे: हा मानवाधिकारांचा मुद्दा आहे, आमसभेने तो पाहावा. संपलं. सत्तेच्या प्रश्नाला जवळजवळ अख्खं मत आणि घराच्या प्रश्नाला एक परिच्छेद.

मूलनिवासी म्हणावं का, यावर तुमच्या प्राध्यापकांचा आक्षेप मला कळतो. फ्रेंच मळेवाल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेल्या गुलामांपासून ही वस्ती सुरू झाली, पुढे भारतातले काही गिरमिटियेही मिसळले. त्याआधी बेटावर माणूस नव्हता. मग मूळचे कोण? माझ्या मते बेटावर पहिल्यांदा उभी राहिलेली वस्ती हीच, तिची स्वतःची भाषा, स्वतःचा ढोलावरचा सेगा हा नाचगाण्याचा प्रकार (चागोसच्या सेगा तांबूरला युनेस्कोने २०१९ मध्ये तातडीने जपायच्या यादीत घेतलं), पाच-पाच पिढ्यांच्या कबरी. एवढं पुरेसं असावं. पण वकील म्हणून एक इशारा देते: या शब्दावर सगळा डाव लावू नका. ग्रीनलंडच्या थुले भागात १९५३ मध्ये अमेरिकी तळाच्या विस्तारासाठी इनुघुइट लोकांना हलवलं. ते मूलनिवासी आहेत याबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी २००३ मध्ये डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ग्रीनलंडच्या लोकांपेक्षा वेगळा समाज नाहीत असं ठरवून थोडी भरपाई दिली आणि परतीचा दावा नाकारला. लेबल असून काम झालं नाही. चागोसच्या बाबतीत ‘यांना त्यांच्या जन्मस्थानावरून जबरदस्तीने काढलं’ एवढी साधी गोष्ट पुरावा म्हणून जास्त भक्कम आहे.

आणि तो पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे, हा या प्रकरणातला मला सगळ्यात खटकणारा भाग. २००२ च्या कायद्याने ब्रिटिश नागरिकत्व दिलं ते बेटावर जन्मलेल्यांना, आणि १९६९ ते १९८२ च्या दरम्यान बाहेर जन्मलेल्या त्यांच्या मुलांना. तेही आई बेटावरची असेल तरच. नातवंडं तर बाहेरच. क्रॉलीत अशी घरं उभी राहिली की आईकडे ब्रिटिश पासपोर्ट, मुलीकडे मॉरिशसचा आणि तिला व्हिसाची फी. २०२२ च्या कायद्याने ही चूक बरीचशी दुरुस्त केली. आता बेटावर जन्मलेल्या पूर्वजाचा थेट वारस कितव्याही पिढीतला असो, अर्ज करू शकतो.

म्हणजे ज्या राज्याने साठ वर्षांपूर्वी ‘तिथे कायमचं कोणी राहतच नाही’ असं जगाला सांगितलं, तेच आज ‘आजी तिथे जन्मली याचा दाखला आणा’ म्हणतं. आणि दाखला असतो! एका आजींचा माझ्या टेबलावर आला होता: जुन्या वसाहती नोंदवहीचा उतारा, जन्मस्थान पेरोस बान्होस, बापाचा धंदा मजूर. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांच्या आईचं नाव एका अक्षराने वेगळं, आणि मॉरिशसच्या लग्नदाखल्यात तिसऱ्याच पद्धतीने. नावं लिहिणारे कारकून फ्रेंच कानाने ऐकायचे आणि इंग्रजी रकान्यात लिहायचे. तीन कागदांतली बाई एकच आहे हे दाखवायला बहिणीभावांचे दाखले, शपथपत्रं, एक जुना फोटो असा डोलारा उभा करावा लागला. आजी शांत होत्या. चिडला होता तो नातू.

एवढं करून नागरिकत्व मिळतं ते कशाचं? आधी ब्रिटिश परदेशी प्रदेशाचं, मग ब्रिटनचं. पण २००४ च्या आदेशाप्रमाणे त्या प्रदेशात राहण्याचा हक्क कोणालाच नाही. तिथे तळावर काम करायला फिलिपिन्सहून माणूस जाऊ शकतो. २०२१ मध्ये बोट भरकटून श्रीलंकेचे तमिळ निर्वासित पोचले, ते तीन वर्षं तिथे तंबूत राहिले. बेटाच्या नावाचं नागरिकत्व असलेल्या माणसाला मात्र कबरींना भेट द्यायलासुद्धा सरकारी दौऱ्याची वाट बघावी लागते.

आता २०२५ चा करार. २२ मे रोजी सही झाली. सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे, त्याबदल्यात वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड, चागोसी लोकांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी, तो मॉरिशसच्या हाती. पुनर्वसनाबद्दलचं वाक्य नीट वाचा: दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर पुनर्वसन राबवायला मॉरिशस मोकळा आहे. ‘मोकळा आहे’, ‘बांधील आहे’ असं नव्हे. योगायोग असा की १९६५ मध्ये होकार देणारे सीवूसागर रामगुलाम, आणि २०२५ मध्ये करार झाला तेव्हा पंतप्रधान होते त्यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम. शिवाय सही म्हणजे अंमल नव्हे. दोन्हीकडचे कायदेशीर सोपस्कार आणि वॉशिंग्टनचा मूड, दोन्ही लागतात. प्रबंध देण्याआधी ताजी स्थिती तपासून घ्या.

लोक जातील का, हे मग कशाकशावर अवलंबून आहे? पहिली गोष्ट धावपट्टी. या द्वीपसमूहातली एकमेव धावपट्टी दिएगो गार्सियावर, आणि पेरोस बान्होस तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर. ती वापरू दिली नाही तर आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा कसा? त्याच बंदीमुळे रोजगारही अडतो, कारण आसपास पगार देणारी जागा तेवढीच. दुसरी गोष्ट पैसा कोण खर्च करणार आणि कोणाच्या सल्ल्याने. तिसरी वय. बेटावर जन्मलेले आज पन्नाशीच्या पुढे आहेत, बरेचसे सत्तरीत. त्यांना जायचंय, निदान मरायला तरी. क्रॉलीत वाढलेल्या पोरांपैकी काहीजण मला सरळ सांगतात की आम्हाला हक्क हवा, राहायला जाऊ की नाही ते आम्ही ठरवू. यात विसंगती काहीच नाही. गावातली जमीन हवी असणारा प्रत्येक मुंबईकर शेती करायला परत जातोच असं कुठे आहे.

चागोसी समाजात या करारावर उभी फूट आहे हेही लिहा. बांकूल यांच्या संघटनेने मॉरिशसला साथ दिली. ब्रिटनमधल्या अनेकांचा मात्र पोर्ट लुईवर लंडनइतकाच अविश्वास आहे. सहीच्या दिवशी पहाटे, दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन महिलांच्या अर्जावर न्यायालयाने काही तासांसाठी कराराला स्थगितीही दिली होती. त्यांचं म्हणणं, आम्हाला कोणी विचारलंच नाही. आपल्या वाचकांना हे जरा टोचेल, कारण मॉरिशस म्हटलं की आपल्याला कोकणातून गेलेली मंडळी, तिथली गणेशचतुर्थीची सुट्टी आठवते. पण भारतीय वंशाच्या बहुसंख्येच्या त्या देशात आफ्रिकी वंशाचे हे विस्थापित उतरंडीच्या तळाला राहिले. भारताची भूमिकाही बघताना डोळे उघडे ठेवा: मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचं आणि जेट्टीचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. तिथे काहीशे लोक राहतात, आणि चागोसचा इतिहास त्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तिथून कोणाला काढलेलं नाही. पण त्यांना धाकधूक का वाटते, हे विचारण्यासारखं आहे.

थोडक्यात सांगायचं तर २००० मध्ये लोक जिंकले आणि त्यांना साधन मिळालं नाही, २००८ मध्ये हक्कही गेला, २०१९ मध्ये राज्य जिंकलं, आणि २०२५ मध्ये दोन राज्यांनी आपसात वाटणी केली. प्रबंधाची सुरुवात हेगच्या मताचा परिच्छेद १८१ आणि कराराचं पुनर्वसनाचं कलम शेजारी ठेवून करा. दोन्हींत कर्ता कोण आहे ते बघा: एकीकडे आमसभा, दुसरीकडे मॉरिशस, चागोसी माणूस कुठेच नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट, विद्यार्थ्यासाठी नव्हे, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या ओळखीत असं कुटुंब असलं तर. २०२२ च्या कायद्याखालचा अर्ज प्रौढांना २२ नोव्हेंबर २०२७ पर्यंतच करता येतो. अर्जाला सरकारी फी नाही. सरकारी फीच्या नावाखाली पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून या. जोडीदाराला मात्र हा मार्ग खुला नाही, त्याला नेहमीचा व्हिसा आणि उत्पन्नाची अट लागते, म्हणून आधी हिशोब करा आणि मग सगळ्या घराने सामान बांधा. आणि आजी हयात असेल तर तिचा दाखला आजच मागवून ठेवा. नावातल्या अक्षरांचा घोळ ती असेपर्यंत सुटतो, नंतर फार जड जातं.